आरोग्य-पाठ : दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय



गेल्या अंकातील पाठात आपण उन्हाळ्यातील जुलाब-उलट्यांविषयी पाहिले. पाऊस आता तोंडावर आला आहे, शेतात निंदणाची आणि डवरणीची कामे सुरू होतील, म्हणून या वेळी पाय आणि घोटे यांचा पाठ घेऊ या. आष्टी तालुक्यातील गोंड वस्त्यांवर आणि पारधी बेड्यांवर मी जाते, तेव्हा तापाच्या खालोखाल मला दाखवले जातात ते पाय. काटा रुतला, टाच फुटली, घोटा मुरगळला. या तक्रारी दुखतात, म्हणून त्या समोर येतात. जे पाय कोणी दाखवत नाही, त्यांची मला अधिक धास्ती वाटते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका मावशींच्या घरी बसले होते. त्या पाय पसरून बसल्या आणि तळवा माझ्याकडे आला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी खोल जखम होती, कडा पांढऱ्या आणि जाड. कधीपासून आहे, म्हणून विचारले. “दिवाळीपासून असन जी ताई. दुखत नाही न, मंग कायले दवाखान्यात जाऊ?” त्याच पायाने त्या रोज पऱ्हाटीत उभ्या राहत होत्या. मजुरी बुडाली नव्हती, घरातली कामे अडली नव्हती, म्हणून त्यांच्या दृष्टीने तो आजारच नव्हता.

या पाठातून एवढी एक गोष्ट घरी न्या: जखम आहे आणि दुखत नाही, तर ती दुखणाऱ्या जखमेपेक्षा गंभीर समजावी.

पाय झडत नाही, त्याला कळत नाही

कुष्ठरोगाने बोटे झडतात असे आपल्याकडे अजूनही बोलले जाते. हा समज मोडून काढण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ मध्ये तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शस्त्रवैद्य १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की या रोगात मांस आपोआप सडत नाही. नसा बधिर होतात, वेदना कळत नाही, आणि माणूस रोजच्या व्यवहारात स्वतःचे पाय झिजवत, भाजत, कापत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडून गेले तरी काही रुग्णांना जाग येत नसे. आपण चालताना थोडे दुखले की नकळत पाय तिरका टाकतो, खडा टोचला की थांबतो. ही राखण बधिर पायाला नसते. तीच जागा दिवसाला हजारो वेळा दाबली जाते आणि शेवटी आतून फुटते.

पुढे ब्रँड अमेरिकेत गेले, तेव्हा मधुमेहाच्या रुग्णांचे पाय त्यांना अगदी तसेच दिसले. आज आपल्या मंडळ्यांतही कुष्ठरुग्णांपेक्षा ‘शुगर’ असलेले सभासद कितीतरी जास्त आहेत, पण तळव्याची गोष्ट तीच आहे.

आपला वर्धा जिल्हा या कामात मागे नव्हता. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करीत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने घरोघरी पाहणी, समजावणी आणि उपचार अशी पद्धत वर्ध्यातूनच घालून दिली. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. एवढे सगळे हाताशी असून रुग्ण उशिरा पोहोचतो, कारण अंगावरचा फिकट किंवा तांबूस चट्टा दुखत नाही आणि खाजतही नाही.

आजच्या स्थितीत कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र नस खराब झाल्यावर वेळेचे गणित कडक आहे. तळव्याला जाणीव देणारी नस आतल्या घोट्याच्या मागून जाते. ती दुखू लागली, किंवा तळवा नुकताच बधिर झाला असेल, तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाल्यास जाणीव परत येण्याची आशा असते. त्यानंतर ती कमी होत जाते. गावात ओळखण्याची एक सोपी खूण सांगते: चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढे जातो, त्याला कळतही नाही. किंवा पाऊल वर उचलता येत नाही, ते फरफटत जाते. असे दिसले तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

मावशींच्या पायाला प्लास्टर लागले. अशा जखमेवर मलमापेक्षा भार काढून टाकणे हेच मोठे औषध आहे, आणि हे औषध गरिबाला सर्वांत महाग पडते. सात आठवडे कामाला जायचे नाही म्हणजे सात आठवड्यांची मजुरी गेली. आपल्यातील काही कुटुंबांनी त्या काळात त्यांचा किराणा उचलला, म्हणून त्या घरी बसू शकल्या. जखम भरली. तळव्याची जाणीव मात्र परत आली नाही, आणि आता रोज संध्याकाळी त्यांची नात तळवे पाहते.

घरच्या घरी तपासणी

इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी वापरात आणलेली एक तपासणी कोणालाही करता येते. माणसाला निजवून डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे होतात. स्पर्श झाला की त्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर त्या पायाची जाणीव कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांना दाखवा. महिला संघाच्या एका बैठकीत हे शिकवून होते. मला वाटते, शुगरची गोळी खाणाऱ्या प्रत्येक सभासदाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी.

जाणीव कमी असलेल्याने रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांमधील जागा पाहावी. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा, नाहीतर घरच्यांना सांगावे. अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून पाहावे. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय ताणून बसू नये. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा, कारण तळातून वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही.

येथे पाळकांना आणि पंचांना एक विनंती आहे. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत चपला दाराबाहेर काढून बसण्याची रीत आहे. ती चांगली रीत आहे. पण मे महिन्याच्या भर दुपारी अंगणातल्या फरशीवरून चार पावले चालून आलेल्या शुगरच्या माणसाच्या तळव्यांना फोड आलेले मी पाहिले आहेत. त्याला ते दुसऱ्या दिवशी कळले. अशा सभासदाला चपलेसह आत येऊ द्यावे, आणि तसे पुढे बोलवून सांगावे, म्हणजे त्याला संकोच वाटणार नाही.

घोटा मुरगळला तर

धुऱ्यावरून पाय घसरणे, बैलगाडीवरून उडी मारणे, संत्र्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून उतरणे, एवढ्याने घोटा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूला सुजतो. बहुतेक वेळा हाड मोडलेले नसते, शिरा ताणलेल्या असतात. हाड मोडले आहे की नाही याचा अंदाज घेण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. त्यांचा सार असा: मुरगळल्यानंतर लगेच आणि नंतरही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंच हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर बोट दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड हाताला लागते, त्यावर आणि आतल्या बाजूच्या कमानीच्या वरच्या हाडावरही असेच दाबून पाहावे. लंगडत का होईना चार पावले टाकता आली आणि हाडावर दुखत नसेल, तर घरी उपचार करायला हरकत नाही. अर्थात, ज्याचा पाय बधिर आहे त्याला हे नियम लागू नाहीत. त्याचे हाड मोडले तरी तो चालत येईल.

पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. बर्फ कुठला मिळणार म्हणाल, तर माठातल्या पाण्याची ओली पट्टी चालते. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत यावे, आणि बोटे निळसर किंवा गार पडली तर सैल करावे. सूज ताजी असताना तेल लावून रगडू नये, याने आतला रक्तस्राव वाढतो. दोन-तीन दिवसांनी हळूहळू घोटा हलवू लागावे. महिनाभर पाय जमिनीला न लावता निजून राहणाऱ्याचा घोटा आखडतो, तेही बरे नाही.

हाडवैद्याकडे जाऊ नका असे मी वस्तीवर सांगत नाही, कारण ऐकले जात नाही. मी एवढेच सांगते की कामट्या लावून घट्ट बांधल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे पांढरी, गार किंवा मुकी झाली, तर रात्र असो वा पाऊस, ते बांधलेले तेव्हाच सोडा आणि रुग्णालय गाठा. रक्त थांबलेला पाय काही तासांत हातचा जातो.

नेहमीच्या बारीकसारीक तक्रारी

टाचेच्या भेगांना रात्री कोमट पाण्यात पाय भिजवणे, वजरीने हलके घासणे, कोरडे करून व्हॅसलीन लावणे पुरते. भेगेतून रक्त येऊन आसपास लाल आणि गरम झाले तर दाखवावे. पावसाळ्यात बोटांमध्ये चिखल्या होतात. शेतातून आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांमधील जागा फडक्याने कोरडी करणे, याहून मोठा इलाज नाही. कुरूप ब्लेडने कापू नये, शुगरवाल्याने तर मुळीच नाही. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाचेत सुई टोचल्यासारखी दुखतात आणि चालल्यावर बरे वाटते, ती टाचदुखी चिवट असते पण घातक नसते. पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि मऊ तळाची चप्पल यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

बाभळीचा काटा किंवा तुरीचे धसकट खोल गेले तर सेफ्टी पिनने उकरत बसू नये. जखम धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवावे. काटा निघाल्यानंतरही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढत असेल तर आत काही राहिले आहे असे समजावे.

लहान मुलांचे पाय

आपल्या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो, आणि पुष्कळदा त्याची पहिली खूण पायांवरच दिसते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाची पावले आणि हाताचे पंजे अचानक सुजतात, बाळ पाय लावू देत नाही, सतत रडते. घरच्यांना वाटते पडले असेल किंवा नजर लागली असेल. मग लेप, कधी डागसुद्धा. अशा बाळाची सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, त्यामुळे तपासणीची सोय आता खेड्यापर्यंत येत आहे. याच आजारात मोठ्या माणसांपैकी काहींना घोट्याच्या आसपास जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. घोट्याजवळची जुनी जखम दिसली की रोग्याच्या भावंडांचीही चौकशी करावी.

जन्मतः आत वळलेले पाऊल हा देवाचा कोप नाही आणि त्याला मोठे ऑपरेशनही बहुधा लागत नाही. अमेरिकेतील डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ येते. बऱ्याचदा टाचेमागची शीर बारीकशी सैल करावी लागते, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात. येथेच आईबाप कंटाळतात आणि पाऊल पुन्हा वळते. बाळ पहिल्या काही आठवड्यांत नेले तर काम सर्वांत सोपे असते.

सूज

दोन्ही पायांवर सूज असेल, बोट दाबल्यावर खळगा पडत असेल, तर दोष पायाचा नसून हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्त कमी असल्याचा असू शकतो. गरोदर बाईच्या पायांना थोडी सूज येतेच, पण तोंड आणि हात सुजले, डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासला पाहिजे. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्यासोबत धाप लागली तर क्षणभर थांबू नये. शुगरच्या रुग्णाचे पाऊल लाल, गरम आणि सुजलेले आहे पण फारसे दुखत नाही, तर ते मुरगळणे समजून चालू नये. आत हाडे मोडत असू शकतात.

वर्धा जिल्ह्यात हत्तीरोग पूर्वीपासून आहे. डासांतून येणाऱ्या या रोगाचे जंतू रात्रीच्या रक्तात सापडतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री रक्त घ्यायला येतात. त्यांना परत पाठवू नका, आणि गोळ्या वाटायला आले तर त्यांच्यासमोर खा. सुजलेला पाय गोळ्यांनी पहिल्यासारखा होत नाही. पण रोज साबणाने धुऊन, घड्यांमधून टिपून कोरडा ठेवला तर तापाचे झटके कमी येतात आणि पाय आणखी वाढत नाही.

आसा राजाचे उदाहरण

पायाच्या आजाराविषयी बोलताना एक सभासद मला दुसऱ्या इतिहासाच्या सोळाव्या अध्यायातील आसा राजाचे उदाहरण देतात. आसाच्या पायांना मोठा रोग झाला आणि तो वैद्यांकडे गेला, म्हणून डॉक्टरकडे जाणे अविश्वासाचे, असा त्यांचा अर्थ. संपूर्ण अध्याय वाचला तर दिसते की आसाने आधी युद्धातही परमेश्वराला सोडून अरामाच्या राजावर भिस्त ठेवली होती. आजारातही त्याने देवाला विचारले नाही, असा त्याच्यावरचा ठपका आहे. वैद्यकीला तेथे दोष दिलेला नाही. पौल तर आपल्या सोबत्याला, लूकाला, प्रिय वैद्य म्हणून ओळखतो. काळ्या पडलेल्या बोटासाठी प्रार्थना जरूर करा, आणि ती दवाखान्याच्या वाटेवर करा. बोट काळे पडणे, गार पडणे, रात्री पाय खाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप न येणे, ही रक्तपुरवठा तुटत चालल्याची लक्षणे आहेत. बिडी ओढणाऱ्याला ती तरुणपणीही होतात, आणि बिडी सुटल्याशिवाय कोणतेही औषध लागू पडत नाही.

जाताना

पान लागले, म्हणजे साप चावला, तर पायाला दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. माणसाला चालवू नका, पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. सापावरचे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळते, मांत्रिकाकडे गेलेला तास पुन्हा मिळत नाही.

इतर वेळी आधी आष्टीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे, पुढे पाठवले तर आर्वी, सेवाग्राम किंवा सावंगी. कुष्ठरोगाने तळवा बधिर झालेल्यांना मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते, ती मागून घ्यावी. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. आणि पाय दाखवायला निघताना ठेवणीतली नवी चप्पल घालू नये, रोजचीच घालावी. तिचा तळ कुठे झिजला आहे ते पाहून भार कोणत्या जागी पडतो हे डॉक्टरांना कळते.